वारीचे पाऊसवस्त्र
आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. ही वाट ऐन पावसाळ्यात चालावयाची, तेव्हा अंगावर काय घ्यावे? कोकणातले इरले भातलावणीच्या ओणव्या पाठीसाठी. ताठ चालणाऱ्यास ते वाऱ्यात आवरत नाही. १८२३ साली चार्ल्स मॅकिन्टॉशने दोन कापडांमध्ये रबर बसवून जलाभेद्य वस्त्राचे पेटंट घेतले. परंतु ते उन्हात चिकट होई, थंडीत ताठरे, आणि चालणारा आतून घामानेच भिजे. (दौऱ्यावर रेनकोट घालणाऱ्या आमच्या वाचकांस हे सांगावयास नको.) धनगरी घोंगडी भिजून जड होते खरी, पण तिची खोळ डोके-पाठ झाकते, ओली लोकरही ऊब राखते आणि मुक्कामी तीच अंथरूण-पांघरूण होते. आम्हांस वारकऱ्याची ही निवड अधिक शहाणपणाची वाटते. आता दिंड्यांत प्लॅस्टिकचे कागद दिसतात. ते हलके आहेत, स्वस्त आहेत, रात्री ऊब मात्र देत नाहीत.