माशाच्या खवल्यातून कोलॅजन कसे निघते? आपल्याकडे त्यातले किती जमेल?

फुलंब्री : रोहू किंवा कटला घेतला की विक्रेता आधी खवले खरवडतो, मग पोट साफ करतो. ते खवले गटारीत नाहीतर उकिरड्यावर जातात. पण मेडिकलमध्ये महागड्या डब्यात मिळणारी 'मरीन कोलॅजन' पावडर माशाच्या अशाच कातडीपासून आणि खवल्यांपासून बनते. त्यामुळे 'खवले विका, पैसे कमवा' असे व्हिडिओ मोबाईलवर फिरतात. त्यात खरे किती, ते बघू.

कोलॅजन म्हणजे कातडी, हाडे आणि स्नायूंना धरून ठेवणारे प्रथिन. खवल्यात ढोबळमानाने निम्मे कोलॅजन असते आणि उरलेले कॅल्शियमचे क्षार. हे क्षार काढणे हेच मोठे काम.

आधी खवले धुऊन सौम्य कॉस्टिक सोड्यात भिजवतात, म्हणजे इतर प्रथिने निघून जातात. नंतर ईडीटीए किंवा सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडने क्षार काढतात. मग खवले ॲसिटिक ॲसिडमध्ये दोन-तीन दिवस ठेवतात. व्हिनेगरमध्ये असते तेच हे ॲसिड, आणि प्रमाण घरच्या व्हिनेगरपेक्षाही थोडे कमी. जास्त माल निघावा म्हणून पेप्सिन हे एन्झाइमही घालतात. गाळलेल्या पाण्यात मीठ टाकले की कोलॅजन वेगळे होते. ते शुद्ध करून, गोठवून वाळवतात.

खरी अडचण थंडाव्याची आहे. हे सगळे ४ अंश सेल्सिअसच्या आसपास करावे लागते. थंड समुद्रातल्या कॉड माशाचे कोलॅजन १५ अंशांच्या सुमारास मोडते. आपल्या गरम पाण्यातल्या रोहू-कटल्याचे ३५ अंशांच्या आसपास टिकते, ही त्यांची जमेची बाजू. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. शीतगृह नसेल तर हाती कोलॅजन येत नाही, जिलेटिन येते. जिलेटिनही विकले जातेच, ते मुद्दाम गरम पाण्यात काढतात. डब्यातली पावडर बहुतेक वेळा यापुढची पायरी असते. एन्झाइमने बारीक तुकडे केलेले हे 'पेप्टाइड' थंड पाण्यातही विरघळते.

कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने माशांच्या टाकाऊ भागापासून कोलॅजन पेप्टाइड बनवण्याचे तंत्र विकसित केले आहे. या संस्थेचे संशोधन केंद्र नवी मुंबईत वाशीला आहे. कुणाला खरेच उद्योग करायचा असेल, तर व्हिडिओवाल्याला फी भरण्याआधी तिथे विचारावे.

घरी ॲसिड-कॉस्टिकचे प्रयोग करू नका. डोळ्यात थेंब उडाला तर दृष्टी जाऊ शकते. शिवाय खाण्याची पावडर विकायला अन्नसुरक्षा परवाना लागतो.

गावपातळीवर जमण्यासारखे काम म्हणजे सुके खवले गोळा करणे. बांगलादेशातून असे खवले परदेशात जातात. खवले त्याच दिवशी साध्या पाण्याने धुवायचे, कल्ले-आतडी-पर वेगळे करायचे आणि स्वच्छ कापडावर कडक वाळवायचे. वास लागलेला माल कुणी घेत नाही. एका दुकानाच्या खवल्यांत काही होणार नाही. पैठणच्या नाथसागरावरचे आणि आपल्या तलावांवरचे मच्छीमार, शहरातले विक्रेते असे सगळे एकत्र आले तरच गाडीभर माल होईल. आधी खरेदीदार पक्का करा, मग पोती भरा.

ही पावडर घेणाऱ्यांसाठीही दोन गोष्टी. कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन हा आवश्यक घटक नसतो, म्हणून ते पूर्ण प्रथिन नव्हे. लेकरांना अंडी, डाळ, दूध बंद करून ही पावडर देऊ नका. माशाची ॲलर्जी असेल किंवा माळकरी असाल, तर डब्यावर कोलॅजन कशापासून काढले ते वाचूनच घ्या.

आतडी आणि कल्ले शेणखताच्या खड्ड्यात खोल गाडले तर चांगले खत होते. वरवर टाकले तर रात्रीतून कुत्री उकरतात. खवले मात्र लवकर कुजत नाहीत, ते खड्ड्यात टाकू नका.