पुन्हा एकदा, पण कशासाठी? : विज्ञानपटांच्या पुनर्निर्मितीविषयी

'रिमेक' हा शब्द आपल्याकडे बहुधा नाक मुरडूनच उच्चारला जातो. कल्पनाशक्ती आटली, निर्मात्यांना धोका पत्करायचा नाही, जुन्या नावावर नवी तिकिटे विकायची आहेत, असा सगळा आरोप त्या एका शब्दात सामावलेला असतो. साहित्याच्या वर्गात मात्र आपली भूमिका निराळी असते. देवलांच्या 'झुंझारराव'ला आपण 'ऑथेल्लो'ची नक्कल म्हणून निकालात काढत नाही. आगरकरांनी 'विकारविलसित' लिहून 'हॅम्लेट' बिघडवले, असेही म्हणत नाही. मुक्तेश्वरांनी महाभारत मराठीत आणल्यावर मोरोपंतांनी ते पुन्हा आर्यांत का बांधावे, हा प्रश्न तर आपल्याला सुचतही नाही. सांगून झालेली गोष्ट पुन्हा सांगणे हा आपल्या वाङ्मयीन परंपरेचा अपवाद नव्हे, तिचा पाया आहे. मग चित्रपटाच्या बाबतीत, आणि त्यातही मारधाडीने भरलेल्या विज्ञानपटाच्या बाबतीत, आपण एवढे सोवळे का होतो?

या प्रश्नाचे सरसकट उत्तर देण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा तीन प्रसिद्ध उदाहरणांचा इतिहास तपासून पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल. (पुढील विवेचनात चित्रपटांचे शेवट उघड करावे लागले आहेत, त्याला इलाज नाही.)

पहिले उदाहरण जॉन कार्पेंटरच्या 'द थिंग'चे. त्याचे मूळ १९३८ सालच्या एका दीर्घकथेत आहे. जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल याने टोपणनावाने लिहिलेली 'हू गोज देअर?' ही कथा 'अस्टाउंडिंग' या मासिकात प्रसिद्ध झाली. अंटार्क्टिकावरील संशोधन-तळावर बर्फात गाडलेला एक परग्रहीय जीव सापडतो. तो कोणत्याही सजीवाचे हुबेहूब रूप घेऊ शकतो. त्यामुळे शेजारी झोपलेला सहकारी माणूस आहे की नाही, हे कळायला मार्ग उरत नाही. या जीवाचा प्रत्येक अंश स्वतंत्रपणे जिवंत असतो आणि स्वतःला वाचवू पाहतो. या तर्कावरून तापलेल्या तारेने रक्ताची परीक्षा घेण्याची युक्ती निघते. कथेचा सारा ताण या परीक्षेत एकवटलेला आहे.

१९५१ मध्ये हॉवर्ड हॉक्स याने या कथेवर 'द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड' हा चित्रपट काढला. दिग्दर्शक म्हणून नाव ख्रिश्चन निबी याचे आहे. गंमत अशी की कथेचा गाभा, म्हणजे रूप बदलण्याची शक्तीच, या चित्रपटाने वगळून टाकली. इथला परग्रहवासी हा वनस्पतिजन्य, धिप्पाड, रक्तपिपासू असा एकच एक राक्षस आहे आणि तो कोण आहे याविषयी कोणाला क्षणभरही शंका येत नाही. स्थळही दक्षिण ध्रुवाकडून उत्तर ध्रुवाकडे हलवले गेले. हा बदल सहज झाला असेल असे मला वाटत नाही. १९५१ मध्ये कोरियात युद्ध चालू होते आणि उत्तर ध्रुवाच्या बर्फावर अमेरिका व सोव्हिएत संघ हे एकमेकांचे शेजारी होते. शत्रू बाहेरून येतो, तो ओळखू येतो आणि एकजुटीने त्याला हरवता येते, हे त्या चित्रपटाचे सांगणे आहे. त्याच्याशी संवाद साधू पाहणारा शास्त्रज्ञ भोळसट ठरतो, सैनिक शहाणे ठरतात आणि अखेरीस एक पत्रकार जगाला आकाशाकडे लक्ष ठेवण्याचा इशारा देतो.

कार्पेंटरचे या चित्रपटावर प्रेम होते. १९७८ च्या त्याच्या 'हॅलोवीन'मध्ये मुले दूरचित्रवाणीवर हाच चित्रपट पाहत बसलेली दिसतात. १९८२ मध्ये 'द थिंग' करताना त्याने शीर्षकाची जळत उमटणारी अक्षरे जुन्या चित्रपटाच्या धर्तीवरच केली. बर्फाखालच्या यानाभोवती माणसे वर्तुळात उभी राहतात, ही जुनी दृश्यकल्पनाही त्याने नॉर्वेजियन तळावर सापडलेल्या चित्रफितीच्या रूपाने जपली. परंतु वंदन करून झाल्यावर तो थेट कॅम्पबेलकडे परतला. स्थळ पुन्हा अंटार्क्टिका झाले, रूपबदल परत आला, रक्ताची परीक्षाही आली. रॉब बॉटिनने घडवलेली विद्रूप, वितळणारी शरीरे पडद्यावर पाहताना आजही अंगावर काटा येतो, पण चित्रपटाची खरी भीती त्या शरीरांत नाही, बारा माणसांच्या परस्परांकडे पाहण्यात आहे. इथे एकजूट अशक्य आहे, कारण एकजूट कोणाशी करायची हेच ठाऊक नाही. शेवटी जळून खाक झालेल्या तळावर दोघे जण समोरासमोर बसून राहतात. समोरचा माणूस आहे की नाही, हे दोघांपैकी कोणालाच खात्रीने सांगता येत नाही आणि आपल्यालाही नाही.

म्हणजे १९५१ च्या चित्रपटाने कथेला विचारलेला प्रश्न होता, 'शत्रूला कसे हरवायचे?' १९८२ च्या चित्रपटाने विचारले, 'शत्रू म्हणजे नेमके कोण?' व्हिएतनाम आणि वॉटरगेट यांतून गेलेल्या समाजाला हा दुसरा प्रश्न अधिक जवळचा असणार, हे उघड आहे. पुढे काही अभ्यासकांनी या चित्रपटाचा अर्थ एड्सच्या संदर्भात लावला. चित्रपट जूनमध्ये आला आणि त्या रोगाला हे नाव मिळाले ते त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. त्यामुळे दिग्दर्शकाचा तसा हेतू होता असे म्हणता येणार नाही. पण रक्ताच्या एका थेंबावर माणसाचे माणूसपण ठरावे, या प्रतिमेत पुढच्या काळाची भीती सामावून घेण्याइतकी जागा होती, हे मात्र खरे. चांगल्या पुनर्निर्मितीची ही एक खूण मानायला हरकत नाही.

इथे एक गोष्ट आपण समीक्षेच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. प्रदर्शनाच्या वेळी हा चित्रपट साफ नाकारला गेला. स्पीलबर्गचा गोड स्वभावाचा परग्रहवासी 'ई. टी.' दोनच आठवडे आधी आलेला होता, आणि 'ब्लेड रनर' तर त्याच दिवशी, २५ जून १९८२ रोजी, प्रदर्शित झाला. समीक्षकांना 'द थिंग' किळसवाणा आणि पोकळ वाटला, आणि जुन्या चित्रपटाच्या चाहत्यांना ती विटंबना वाटली. आज ज्याला आपण 'अभिजात' म्हणून नव्या रिमेकपासून वाचवू पाहतो, तो चित्रपट स्वतःच एक नाकारलेला रिमेक होता.

२०११ मध्ये याच नावाने आणखी एक चित्रपट आला. कार्पेंटरच्या चित्रपटाआधी नॉर्वेजियन तळावर काय घडले, ते त्यात सांगितले आहे. तो प्रामाणिक आहे, हे मान्य केले पाहिजे. या जीवाला निर्जीव वस्तूंची नक्कल करता येत नाही, म्हणून दातांत भरलेले चांदी-सिमेंट तपासायचे, ही त्यातली युक्ती चांगलीच आहे. पण त्याची बरीचशी शक्ती हिशेब जुळवण्यात खर्ची पडते. जुन्या चित्रपटात उद्ध्वस्त तळावर कुऱ्हाड रुतलेली दिसली होती, ती तिथे कशी आली हे आपल्याला दाखवले जाते. जे न सांगितल्यामुळे मूळ प्रसंग भयाण झाला होता, ते सांगून टाकण्याला पुनर्कथन म्हणता येत नाही. फार तर ती तळटीप झाली. त्यात प्रत्यक्ष घडवलेल्या बाहुल्यांवर नंतर संगणकीय प्रतिमांचा थर चढवण्यात आला आणि शरीराचे जडत्वच हरवले.

दुसरे उदाहरण 'टोटल रिकॉल'चे, आणि ते लवकर आटोपता येते. फिलिप के. डिक याच्या १९६६ च्या कथेवरून पॉल व्हरहोवन याने १९९० मध्ये केलेला चित्रपट मंगळावर घडतो. विकत घेतलेल्या आठवणी खऱ्या की आपले जगणे खरे, हा त्याचा प्रश्न. २०१२ मध्ये लेन वाइजमनने तो पुन्हा केला तेव्हा मंगळ काढून टाकला आणि पृथ्वीच्या पोटातून आरपार जाणारा एक अजस्र पाळणा आणला. बदल करायला हरकत नव्हती. हरकत आहे ती पुढच्या गोष्टीला. जुन्या चित्रपटात मंगळावरच्या निकृष्ट घुमटांखाली, किरणोत्साराने विकृत झालेल्या गरीब वस्तीत, तीन स्तनांची एक स्त्री दिसते. तिचे शरीर हा त्या वसाहतीच्या शोषणाचा पुरावा आहे. नव्या चित्रपटात मंगळ नाही, ती विकृत झालेली वस्ती नाही, पण ती स्त्री मात्र आहे! कारण काढून घेतले आणि कार्य तेवढे शोभेसाठी ठेवले. प्रेक्षकाने ओळखून हसावे, एवढेच तिचे काम. वाईट रिमेकची याहून नेमकी व्याख्या मला करता येणार नाही. मुळातली चिन्हे तो जपतो, त्यांचा अर्थ सोडून देतो.

तिसरे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे, आणि त्यावर मला स्वतःचे मत बदलावे लागले. १९८७ चा 'रोबोकॉप' हा व्हरहोवनचाच. वरवर पाहता ती मेलेल्या पोलिसाला यंत्रमानव बनवल्याची सूडकथा आहे. प्रत्यक्षात ते रेगनकालीन अमेरिकेवरचे जळजळीत प्रहसन आहे. डेट्रॉइटचे पोलीसदल एका कंपनीच्या ताब्यात गेलेले आहे. संचालकांच्या बैठकीत प्रात्यक्षिक दाखवताना यंत्र एका तरुण अधिकाऱ्याला गोळ्यांनी चाळण करते, आणि कंपनीप्रमुखाला खंत वाटते ती नुकसानीची. मधूनमधून हसतमुख बातम्या आणि अणुयुद्धाच्या घरगुती खेळाच्या जाहिराती येतात. हिंसा इतकी अतिरेकी आहे की ती हास्यास्पद होते, आणि हास्यास्पद झाल्यामुळेच ती बोचते. मर्फीची स्मृती पुसलेली आहे. आपल्या रिकाम्या घरातून फिरताना ती तुकड्यातुकड्यांनी परतते. शेवटी नाव विचारल्यावर तो आपले नाव सांगतो आणि चित्रपट संपतो. यंत्रातून माणूस बाहेर येतो, असा हा प्रवास.

२०१४ मध्ये ब्राझीलच्या जोझे पादिल्या याने तो पुन्हा केला. पादिल्याच्या 'एलिट स्क्वॉड'ला बर्लिन महोत्सवात २००८ साली सुवर्ण अस्वल मिळाले होते. पोलीस आणि हिंसा हा त्याचा विषयच होता. तरीही चित्रपट पाहून मी निराश झालो. प्रहसनाची धार गेली होती, रक्त गेले होते. मोठ्या खर्चाच्या चित्रपटाला किशोरवयीन प्रेक्षक गमावून चालत नाही, म्हणून 'आर'ऐवजी 'पीजी-१३' हे सौम्य प्रमाणपत्र मिळेल असाच तो बेतला होता. '२०१४ चा रोबोकॉप म्हणजे दात काढलेला वाघ' असे मी तेव्हा मित्रांना ऐकवत असे.

पुढे वर्गात काही प्रसंग दाखवण्यासाठी तो पुन्हा पाहिला, तेव्हा ध्यानात आले की मी जुन्या प्रश्नाचे उत्तर नव्या चित्रपटात शोधत होतो. पादिल्याचा मर्फी सुरुवातीपासूनच स्वतःला ओळखतो. बायको आणि मुलगा त्याच्या समोर आहेत. एका प्रसंगात डॉक्टर त्याच्या चिलखताचे भाग एकेक करून दूर करतात आणि उरलेला माणूस त्याला आरशात दाखवतात. डोके, फुप्फुसे आणि एक हात, बस्स. पुढे लढाईच्या वेळी निर्णय संगणक घेतो, पण तो आपण घेतला असे मर्फीला वाटत राहते, अशी व्यवस्था केली जाते. चित्रपट सुरू होतो तो अमेरिकन यंत्रमानव तेहरानच्या रस्त्यांवर गस्त घालत असताना. जे परक्या भूमीवर चालते ते स्वदेशी चालू द्यायला अमेरिकन कायदा तयार नाही, म्हणून कंपनीला यंत्रात बसवायला एक माणूस हवा आहे. ट्रिगर ओढणाऱ्या यंत्राला माणसाचा चेहरा लावला की जबाबदारी कोणाची? ड्रोनच्या युगातला हा प्रश्न १९८७ मध्ये विचारता येणे कठीण होते. जुन्या चित्रपटात यंत्र माणूस होत जातो, तर नव्यात माणूस आपण अजून माणूस आहोत या भ्रमात यंत्र होत जातो.

तेवढ्याने २०१४ चा चित्रपट मोठा ठरतो असे नाही. त्याची पटकथा उत्तरार्धात साध्या सूडकथेला शरण जाते आणि आरशासमोरचा तो भयंकर प्रश्न अर्ध्यावरच सुटतो. पण अपयशी असणे आणि निरर्थक असणे यांत फरक आहे. 'टोटल रिकॉल'च्या नव्या अवताराने मला जुन्या चित्रपटाविषयी काहीही नवे सांगितले नाही. नव्या 'रोबोकॉप'ने मात्र जुन्याची एक मर्यादा दाखवून दिली. स्मृती परतली की माणूस परतला, असा एक दिलासा व्हरहोवनच्या कडवट चित्रपटातही शिल्लक होता, हे मला पादिल्यामुळे दिसले.

म्हणून रिमेकला विचारायचा प्रश्न 'मूळाशी किती प्रामाणिक?' हा नव्हे, आणि 'मूळाहून किती वेगळा?' हाही नव्हे. हॉक्सचा चित्रपट कथेपासून दूर गेला आणि टिकला. कार्पेंटरचा कथेकडे परतला आणि उशिराने का होईना, टिकला. २०११ चा एकनिष्ठ राहिला आणि विसरला गेला. विचारायचे ते एवढेच, की जुन्या गोष्टीकडे नव्या काळाचा कोणता प्रश्न घेऊन हा माणूस आला आहे? आणि प्रश्न असेल तर तो आपल्याला पहिल्याच भेटीत ऐकू येईल, याची खात्री नसते. १९८२ च्या समीक्षकांना तो आला नाही. २०१४ मध्ये मलाही आला नव्हता.