फिल्टर-ड्रायव्हर संघर्ष (सीडी-डीव्हीडी ड्राइव्हमधील)

विंडोज एक्सपीच्या (२००१) काळातील संगणकांत वरचेवर आढळणारा बिघाड. ड्राइव्हचा दिवा लुकलुकतो, बटण दाबले की ट्रे बाहेर येतो, पण ‘माय कॉम्प्युटर’मध्ये त्याचा पत्ता नसतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या नावाशी पिवळे उद्गारचिन्ह आणि बहुधा ‘कोड ३९’ दिसतो: ड्रायव्हर खराब झाला आहे किंवा सापडत नाही. १९, ३१, ३२ आणि ४१ हे कोड त्याचेच भाऊबंद. अशा वेळी अनेक जण ड्राइव्हच बदलून पाहत. नवा ड्राइव्हही तसाच गप्प बसे.

विंडोजचा ‘सीडीरॉम.सिस’ हा ड्रायव्हर एकटा नसतो. त्याच्या वर आणि खाली इतर प्रोग्राम आपले छोटे ड्रायव्हर बसवू शकतात. वरचे ‘अपर फिल्टर’, खालचे ‘लोअर फिल्टर’. सीडी बर्न करणाऱ्या प्रोग्रामना ही मधली जागा हवीच असते. रोक्सिओचा ईझी सीडी क्रिएटर, ॲपलचे आयट्यून्स हे त्यांतले नेहमीचे पाहुणे. प्रोग्राम काढला की फिल्टरची फाइल जाते, पण रजिस्ट्रीतल्या यादीत नाव तसेच राहू शकते. यादीतला एक जरी हजर नसला तरी विंडोज त्या ड्राइव्हची सगळी साखळीच सुरू करत नाही. विंडोज ९८ वरच एक्सपी चढवले की असे जुने नाव मागे राहण्याचा धोका असे. ही यादी एका ड्राइव्हची नसून त्या सबंध वर्गाची असते. म्हणून नवा आणलेला ड्राइव्हही तिच्यातच अडकतो, आणि डिव्हाइस मॅनेजरमधून ड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू करण्याचाही उपयोग होत नाही.

पडताळणी सोपी आहे. विंडोजची सीडी घालून संगणक तिच्यावरून सुरू करावा. त्या वेळी हे फिल्टर मध्ये येत नाहीत. सुरू झाला, तर ड्राइव्ह आणि केबल निर्दोष.

उपाय रजिस्ट्रीत आहे. ‘रन’मध्ये ‘रेजएडिट’ टाइप करून लोकल मशीन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, क्लास या वाटेने ‘४डी३६ई९६५’ने सुरू होणाऱ्या फोल्डरपर्यंत जावे. उजवीकडे ‘क्लास’समोर ‘सीडीरॉम’ लिहिले आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे. फोल्डर आधी एक्स्पोर्ट करून ठेवावे, मग ‘अपरफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ या दोन नोंदी काढून संगणक पुन्हा सुरू करावा. शेजारची फोल्डरे दिसायला जुळी: ‘९६७’ हार्ड डिस्कचे, ‘९६बी’ कीबोर्डचे. घाईत कीबोर्डची ‘अपरफिल्टर्स’ नोंद उडवली, तर पुढच्या वेळी पासवर्ड टाइप करायलाही कीबोर्ड चालत नाही.

ड्राइव्ह परत दिसू लागला तरी बर्निंगचे प्रोग्राम कुरकुरतात, कारण त्यांचे चालू फिल्टरही या सफाईत गेलेले असतात. ते पुन्हा इन्स्टॉल करावे लागतात, तेही एक्सपीला चालणाऱ्या आवृत्तीतूनच.