चाकरमान्यांची मे महिन्याची सुट्टी

मे महिना लागला की मुंबईतली मुले आईवडिलांबरोबर कोकणातल्या घरी किंवा आजोळी जातात, आणि महिनाभर काका, आत्या, मामा, मावश्या व त्यांची मुले एका छपराखाली राहतात. ही रीत पिढ्यान्‌पिढ्यांची मानली जाते. प्रत्यक्षात आजच्या ओळखीच्या रूपात तिचे वय फार तर शंभर वर्षे भरेल, आणि गिरणी कामगारांच्या घरांपुरते बोलायचे तर त्याहूनही कमी. त्यासाठी शहरात बिऱ्हाड हवे, मुले शाळेत जाणारी हवीत, कमावत्या माणसाला पगार न बुडता रजा मिळायला हवी आणि कुटुंबकबिल्यासह गावी पोहोचण्याचे साधन परवडायला हवे. या गोष्टी एका वेळी जुळून यायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला.

त्याआधी होते ते माहेरपण. सणाला, बाळंतपणाला किंवा कोणाच्या लग्नाला लेक माहेरी येई आणि तिच्याबरोबर तिची मुले आजोळी येत. कोकणात आणि देशावर नागपंचमी, गौरी, दिवाळी हे त्याचे प्रसंग. खानदेशात ऐन उन्हाळ्यातली अक्षय्य तृतीया, म्हणजे आखाजी, हा सासुरवाशिणींचा मोठा सण. झाडाला झोके बांधायचे, गाणी म्हणायची आणि चार दिवस कोणाच्या हुकमाविना राहायचे, असा तो मुक्काम. यात आजच्या हिशेबाने किशोरवयीन कोण, हे पाहिले तर चित्र वेगळे दिसते. चौदा वर्षांची मुलगी आजोळी आलेली नात नसे. बहुधा तीच सासरहून आलेली लेक असे. मुलींच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवणारा सारडा कायदा १९२९ साली झाला आणि पुढच्या वर्षी एप्रिलपासून लागू झाला. तोही कितीतरी वर्षे कागदावरच राहिला. मुलगी पंधरा-सोळा वर्षांची होऊनही अविवाहित, शाळकरी आणि सुट्टीवर आहे, हे दृश्य महाराष्ट्रात तसे अलीकडचेच.

मुलग्यांची तऱ्हा निराळी होती. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला तिचे काम सुरू झाले. पुढच्या पन्नास वर्षांत गिरणगाव उभे राहिले, आणि त्याला माणसे पुरवण्यात रत्नागिरी जिल्हा सर्वांत पुढे होता. त्या वेळी आजचा सिंधुदुर्गही त्याच जिल्ह्यात मोडत असे. तुटपुंजी भातशेती, खोतांचा वसूल आणि वर्षातले आठ महिने रिकामे हात, यामुळे घरटी एक तरी पुरुष मुंबईला जाई. त्यात पोरेही असत. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने कामावर घेण्याचे किमान वय सात ठरवले, १८९१ च्या कायद्याने नऊ आणि १९२२ च्या कायद्याने बारा. बारा ते पंधरा वयाच्या मुलाकडून दिवसाला सहा तास काम घेण्याची मुभा १९२२ नंतरही होती. तेरा वर्षांचा मुलगा मराठी इयत्ता संपवून चुलत्याबरोबर बोटीत बसला की त्याचे सुट्टी घेण्याचे वय संपले. मोठ्यांना तरी सुट्टी कुठे होती? रविवारची साप्ताहिक सुट्टीसुद्धा नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० मध्ये गिरणीमालकांनी मान्य केली. वार्षिक रजा बिनपगारी असे. महिनाभर गावी गेलेल्या माणसाचा साचा दुसऱ्या कोणाला मिळे, आणि परतल्यावर त्याला कामगार भरती करणाऱ्या जॉबरच्या मिनतवाऱ्या करून बदली कामगारांच्या रांगेत उभे राहावे लागे.

त्यामुळे गिरणगावाच्या पहिल्या दोन-तीन पिढ्यांत प्रवास उलट दिशेने होता. मुले गावीच असत आणि सुट्टीवर येई तो बाप. मुंबईत तो गावकीच्या खोलीत दहा-वीस गाववाल्यांबरोबर राही, खानावळीत जेवी, आणि घरखर्चासाठी १८८० मध्ये सुरू झालेल्या टपाल खात्याच्या मनीऑर्डरने पैसे पाठवी. वर्षातून एकदा, शिमग्याला किंवा गणपतीला, जमलेच तर आंब्याच्या दिवसांत तो घरी येई. काही घरांत शेतीची कामे नसलेल्या उन्हाळ्यात बायको आणि मुलेच चार दिवस मुंबईत येऊन राहत. हाताशी आलेल्या मुलाला बापाचा खरा सहवास घडे तो त्याच चार दिवसांत, आणि त्यातले निम्मे बहुतेक वेळा नोकरीच्या शोधात जात.

शाळेच्या वेळापत्रकाला बांधलेली सुट्टी आधी आली ती पांढरपेशांकडे. उन्हाळ्यात कामकाज थांबवण्याची पद्धत इंग्रजी अमलातली. मुंबई सरकारचा मुक्काम महाबळेश्वरी हले, वरिष्ठ न्यायालयांना मे महिन्यात सुट्टी लागे आणि सरकारी शाळा-कॉलेजे त्याच सुमारास बंद होत. गिरगाव-दादरच्या चाळींत सहकुटुंब राहणारे कारकून, शिक्षक आणि वकील यांना या वेळापत्रकाचा फायदा सर्वांआधी झाला. शिक्षणासाठी परगावी ठेवलेल्या मुलाने सुट्टीत घरी येणे हाही त्याच व्यवस्थेचा भाग. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’त दापोलीच्या शाळेत शिकणारा श्याम पालगडला घरी येतो, तो असाच. त्यातले बरेच प्रसंग घडतात ते मुलगा थोडक्या दिवसांसाठी घरी असतो म्हणून.

कोकणात जाण्याचा मार्ग समुद्राचा होता. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ मध्ये धावली, १८६३ मध्ये बोरघाट चढून गाडी पुण्याच्या बाजूला गेली, पण किनारपट्टी पुढची सव्वाशे वर्षे रेल्वेविना राहिली. ग. दि. माडगूळकरांच्या आगगाडीच्या बालगीतामुळे मामाचा गाव आणि रेल्वे यांची जोडी मराठी मनात पक्की झाली. कोकणातल्या मुलांच्या दोन पिढ्यांनी ते गाणे बोटीत किंवा एसटीत बसून म्हटले. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीकडे जाई. डेकवर ज्याने आधी वळकटी टाकली त्याची जागा. बहुतेक बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही, किनाऱ्याकडून पडाव येत, आणि लाटेवर वरखाली होणाऱ्या पडावात नेमक्या क्षणी उडी टाकायची असे. म्हाताऱ्यांना आणि लहानग्यांना खलाशी उचलून घेत. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला मात्र स्वतःच उडी मारावी लागे, आणि पुढे गुडघाभर पाण्यातून पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन चालावे लागे. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे. म्हणून सुट्टीचा शेवट शाळेच्या आधी समुद्रच ठरवी: मृग लागायच्या आत परतायचे, नाहीतर घाटातून लांबचा फेरा. पावसाळी समुद्राचे भय अनाठायी नव्हते. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली.

पुढच्याच वर्षी दोन बदल झाले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनची पहिली बस धावली. काही वर्षांत ही यष्टी कोकणातल्या वाड्यांपर्यंत गेली. त्याच वर्षी झालेल्या कारखाना कायद्याने किमान वय चौदावर नेले आणि पगारी वार्षिक रजेचा हिशेब घालून दिला: प्रौढ कामगाराला कामाच्या दर २० दिवसांमागे एक दिवस, अल्पवयीन कामगाराला दर १५ दिवसांमागे एक. पगारी रजेची तरतूद त्याच्या तीन वर्षे आधीच्या दुरुस्तीने आली होती. ती आता पक्की झाली. कोकणातल्या सुट्टीच्या इतिहासात रजेच्या या कलमाला आंब्यापेक्षा मोठी जागा द्यावी लागते. एव्हाना बायका-मुलेही मुंबईच्या चाळींत राहायला आली होती. बाप दोन आठवड्यांची रजा घेऊन सर्वांना पोहोचवी आणि मुलांना आजीजवळ ठेवून एकटा परते. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणे, डब्यातली चपाती-भाजी, कशेडी घाटातल्या वळणांवरच्या उलट्या हे सगळे त्या काळाचे.

या महिन्यात मोठ्या मुलांचा वेळ कसा जाई, ते पाहण्यासारखे आहे. त्यांच्यासाठी मुद्दाम काही आखलेले नसे. घरात वीस-पंचवीस माणसे असत आणि पाऊस महिन्यावर आलेला असे, त्यामुळे हात कमीच पडत. सकाळी उकड्या तांदळाची पेज झाली की मुलगे झेला घेऊन कलमांवर चढत. आंबा देठासकट उतरवायचा, आपटू द्यायचा नाही, चीक फळावर ओघळू द्यायचा नाही, आणि मग पेंढा पसरून आढी लावायची. कोणत्या कलमावर कोणाचा हक्क, थोरल्या काकांची वाटणी कुठे संपते आणि धाकट्यांची कुठे सुरू होते, हे मुलाला याच कामात कळे. सात-बाराचा उतारा त्याने पुढे पाहिला तरी हद्दी त्याला पायाखालच्या ठाऊक असत. मुलींकडे ओले काजूगर सोलणे येई. हिरव्या बीच्या टरफलातला चीक कातडी जाळतो, म्हणून हाताला खोबरेल चोळून किंवा राख लावून बसायचे. तरी आठवडाभर बोटांची साले निघत. बाकी आंबापोळी आणि फणसपोळी ताटांत वाळत घालणे, कोकमाची सोले रसात बुडवून पुन्हा उन्हात टाकणे, सरपण पडवीत रचणे, विहिरीचे पाणी भरणे ही कामे कोणी ना कोणी हाताखाली घेऊन करून घेई. रात्री ओटीवर एका रांगेत अंथरुणे पडत आणि कोणाची आई कोणाला ओरडते याला फारसा अर्थ नसे.

हे सारे गोडच होते असे मानायचे कारण नाही. कामाची वाटणी मुलगा-मुलगी पाहून होई आणि मुलींच्या वाट्याला जास्त येई. शहरातल्या दोन खोल्यांत शक्य नसलेली शिवाशिव गावच्या घरात पाळली जाई. पाळी आलेल्या मुलीची सुट्टी चार दिवस मागच्या पडवीत थांबे. सगळे भाऊ एकत्र जमत ते मे महिन्यातच, त्यामुळे वाटण्यांची भांडणेही त्याच महिन्यात निघत. आजोळचा मुक्काम निर्हेतुक नसे, हीही एक बाजू. मराठी समाजातल्या अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालते, काहींत ते पसंतही केले जाते. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय नातेसंबंधांवरील ग्रंथात याची सविस्तर चर्चा केली आहे. सोळा-सतरा वर्षांचा भाचा आजोळी महिनाभर राही तेव्हा मोठ्यांचे डोळे त्याच्यावर असत. लग्नसराईही त्याच दिवसांत असल्याने दाखवण्या-बघण्याचे कार्यक्रम सुट्टीत उरकत.

मुंबईतल्या गोवेकरांची रीत याच्याशी समांतर होती. धोबीतलावच्या परिसरातल्या कुडांत, म्हणजे गावकीच्या सामायिक खोल्यांत, राहणारे गोवेकर बोटीने पणजीला किंवा लोंढ्यावरून रेल्वेने मडगावला जात. १९५५ मध्ये भारत सरकारने पोर्तुगीज अमलातल्या गोव्याची आर्थिक नाकेबंदी केल्यावर ही ये-जा कठीण झाली, ती १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर सुरळीत झाली.

कोकणातल्या या सुट्टीला पहिला धक्का शहरातून बसला. सुधा करमरकरांचे लिटल थिएटर १९५९ मध्ये सुरू झाले, त्यानंतर रत्नाकर मतकरींची बालनाट्ये आली, आणि मे महिन्यात मुलांना मुंबईत थांबवणारे काहीतरी उभे राहिले. मागोमाग वासंतिक वर्ग, पोहण्याचे वर्ग, छंदवर्ग निघाले. किशोरवयाची वेगळी दखलही याच काळातली. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ चे. नव्या आकृतिबंधाची दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली आणि दहावी-बारावी ही दोन वर्षे घराघरांत सोवळ्यात गेली. नववीची परीक्षा संपली की लगेच दहावीचे क्लास लागू लागले, आणि चौदा ते सतरा या वयाची मुले, म्हणजे कलमावर चढण्याच्या वयाची, गावातून गळाली. आजी-आजोबांकडे उरली ती लहान नातवंडे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगारांचे काम थांबले. पुष्कळ कुटुंबे कायमची गावी परतली आणि त्यांच्यापुरता सुट्टीवर जाण्याचा प्रश्नच मिटला.

कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाला. प्रवास रात्रीचा झाला, आणि गंमत म्हणजे मुक्काम वाढण्याऐवजी आखडला. पोहोचायलाच दीड दिवस लागत होता तेव्हा चार दिवसांसाठी कोणी जात नसे. ज्यांचे गाव सुटले त्यांच्यासाठी पैसे मोजून मिळणारे गाव निघाले. बैलगाडी, चुलीवरचे जेवण, विहिरीत पोहणे अशी पाटी लावलेल्या कृषी पर्यटन केंद्रांसाठी राज्य सरकारने २०२० मध्ये धोरण जाहीर केले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात टाळेबंदीमुळे चाकरमानी वाट मिळेल तसे कोकणात आले. गावोगावच्या शाळांत त्यांना विलगीकरणात ठेवावे लागले, काही ठिकाणी त्यांना घ्यायचे की नाही यावरून वादही झाले. पण शाळा-कॉलेजची मुले कित्येक महिने आजोबांच्या घरी राहिली, हे बऱ्याच घरांत कित्येक वर्षांनी घडले.

आता पुन्हा गाड्या भरून जातात. रेल्वेचे आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी खुले होई. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आले. मेच्या पहिल्या आठवड्यातले तिकीट त्यामुळे मार्चच्या आरंभी, दहावीचे पेपर चालू असताना काढावे लागते.