पातं जागेवर, भाजी हातात

मराठीत दोघांचं हाडवैर सांगायचं झालं की आपण 'विळ्या-भोपळ्याचं सख्य' म्हणतो. म्हणीतला तो विळा शेतातला. त्याची धाकटी बहीण विळी, ती घरातली. शेतात विळा हातात असतो आणि पीक जागेवर उभं असतं. घरात नेमकं उलटं होतं. पातं जागेवर उभं राहतं आणि भाजी त्याच्याकडे जाते. या एवढ्याशा उलटापालटीत आपल्या स्वयंपाकघराचा बराच इतिहास दडलेला आहे. आज त्याविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत.

आधी विळीची रचना पाहू. एक लाकडी पाट, त्याच्या पुढच्या बाजूला खाच आणि त्या खाचेत घट्ट बसवलेलं, बगळ्याच्या मानेसारखं वर जाऊन वळलेलं पातं. धार चिरणारीच्या बाजूला. टोकाला बहुधा दातेरी चकती, म्हणजे नारळाची खवणी. चिरणारी एक पाय दुमडून पाटावर ठेवते, दुसरा गुडघा उभा धरते. तिचं स्वतःचं वजन हाच विळीचा शिकंजा. खिळा नको, मळसूत्र नको. सुरी धरणाऱ्याचा एक हात सुरीतच अडकलेला असतो. विळीवर बसलेल्या बाईचे दोन्ही हात मात्र भाजीसाठी मोकळे असतात. म्हणून कोबीचा गड्डा किंवा फणसाची फोड ती दोन्ही हातांनी धरून पात्यावर दाबू शकते. मेथीची जुडी मुठीत आवळून तितक्याच सहज बारीक चिरू शकते.

पात्याला बाक असतो तो शोभेसाठी नव्हे. पिकलेला टोमॅटो नुसता दाबला तर फुटतो. दाबता दाबता ओढला तर चिरला जातो, आणि जोरही कमी लागतो. विळीवर भाजी पुढे रेटली की ती बाकावरून सरकत जाते, आणि दाबाबरोबर ओढही आपोआप मिळते. सुरी वापरताना ही ओढ मनगटाने द्यावी लागते. विळीत ती लोहाराने पातं घडवतानाच घालून ठेवलेली असते.

वाकडं पातं जगात इतरत्रही आहे. इटलीत मेझालुना, म्हणजे अर्धचंद्र नावाची दोन मुठींची सुरी असते. ती पाळण्यासारखी झुलवत पालेभाजी बारीक करतात. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांत उलू नावाचा अर्धगोल चाकू आहे. तो बायकांचा चाकू म्हणूनच ओळखला जातो. पण या दोन्हींत हात पातं फिरवतो. पातं जमिनीवर स्थिर करून त्याच्यासमोर बसायचं, ही रीत मात्र आपल्या उपखंडात चांगलीच मुरलेली. घाटावर विळी, कुठे मोरळी, तळकोकणात आणि गोव्यात आदोळी. कर्नाटकात ईळिगेमणे, तमिळनाडूत अरिवाळमणै, आंध्रात कत्तिपीट, बंगालात बोटी, बिहारात पहसुल आणि नेपाळात चुलेसी. यातली दक्षिणेकडची नावं लक्ष देऊन ऐका. 'मणे', 'मणै', 'पीट' म्हणजे बसायचा पाट. त्या भाषांनी पात्याइतकाच मान पाटाला दिला, आणि ते योग्यच केलं. कारण विळी म्हणजे नुसतं पातं नव्हे. पातं, पाट आणि बसणारी बाई मिळून ते हत्यार पूर्ण होतं.

अशा वस्तूचा इतिहास लिहिणं अवघड जातं, त्यालाही कारण आहे. तलवार शस्त्रागारात जपली जाते, तिला नाव मिळतं, वारसा मिळतो. विळी वापरून झिजते. दगडावर घासून घासून पातं निम्मं झालं की लोहार त्याचं दुसरं काही घडवतो. पाट तडकला की चुलीत जातो. विळी उरते ती चित्रकाराची नजर तिच्यावर पडली तर. एकोणिसाव्या शतकातल्या कोलकात्याच्या कालीघाट पटांत बोटीवर मासा कापणारी बाई दिसते ती अशीच. किंवा एखादा संग्राहक तिची कदर करणारा निघाला तर. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते आणि स्वयंपाकघरातल्या वस्तू राजेरजवाड्यांच्या वस्तूंइतक्याच आस्थेने जमवल्या. राजा केळकर संग्रहालयात फिरताना मला नेहमी वाटतं, की रोजच्या वापरातली वस्तू मुद्दाम जपावी लागते. ती आपसूक उरत नाही.

पण वस्तू झिजल्या तरी रिवाज टिकले. नागपंचमीला काही चिरायचं नाही, कापायचं नाही. म्हणून त्या दिवशी दिंडं उकडायची. त्या एका दिवशी विळीला सुट्टी, आणि तिच्यावर बसणारीलाही थोडी. ग्रहणात गरोदर बाईने विळीला हात लावायचा नाही. खंडेनवमीला घरातल्या हत्यारांबरोबर विळीलाही हळदकुंकू मिळतं. काम झाल्यावर विळी उभी ठेवू नये, आडवी करावी. ती ओलांडू नये, असंही सांगतात. रांगतं मूल असलेल्या घरात या नियमाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. सगळ्यांत बोलका रिवाज भोपळ्याचा. वर्षभर सगळी भाजी चिरणाऱ्या बाईने अख्ख्या भोपळ्याला किंवा कोहळ्याला पहिला छेद द्यायचा नाही. तो पुरुषाने द्यायचा, उरलेला भोपळा तिने चिरायचा. मान कोणाचा आणि काम कोणाचं, हे याहून थोडक्यात क्वचितच सांगितलं गेलं असेल.

मग विळी मागे का पडली? सुरी जास्त चांगली चिरते म्हणून, असं आपल्याला वाटतं. मला ते पटत नाही. लोखंडी पात्याचा एक खरा दोष होता. कच्चं केळं, वांगं, कैरी त्यावर चिरली की काळी पडायची, आणि पातं कोरडं पुसून ठेवलं नाही तर गंजायचं. पण १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफील्डला हॅरी ब्रिअर्लीने न गंजणारं पोलाद तयार केलं, आणि पुढे तेच स्टेनलेस स्टील विळीच्या पात्यालाही आलं. म्हणजे तो दोष दूर झाला होता. विळी हरली ती पात्यामुळे नाही. तिच्या पायाखालची जमीन गेली म्हणून.

चूल जमिनीवर होती तोवर सगळा स्वयंपाक बैठा होता. पाटा-वरवंटा, जातं, विळी, सगळं हाताच्या अंतरावर. पन्नासच्या दशकात मुंबईत स्वयंपाकाचा गॅस आला. १९६५ पासून इंडेनची सिलिंडरं घरोघरी जाऊ लागली. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर खाली साचतो. म्हणून शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर ठेवा, अशी सूचना असते. शेगडी ओट्यावर चढली, तिच्यामागे बाई उभी राहिली आणि विळी खाली एकटी पडली. तिला वर घेण्याचे प्रयत्नही झाले. पत्र्याच्या पाटाची, घडी घालता येणारी विळी बाजारात आली. पण उभ्या माणसाचं वजन तिच्यावर पडत नाही, म्हणून ती सरकते. मग तिला ओट्याच्या कडेला स्क्रूने आवळावं लागतं. बाई पाटावरून उठली आणि तिच्या वजनाचं काम एका स्क्रूकडे आलं.

याचं मला निव्वळ दुःख नाही. विळीवर जन्म काढलेल्या बायकांचे गुडघे आणि कंबर काय म्हणत होती, ते त्यांच्या लेकीसुनांनी ऐकलं आहे. ओटा आला आणि दर दोन मिनिटांनी ऊठबस करणं संपलं. विळीवर बसायला संकोचणारे पुरुषही सुरी हातात घेऊन कांदा चिरू लागले. हा फायदा लहान नाही. पण सोबत काय गेलं, त्याचीही नोंद हवी. लग्नघरी शेजारणी आपापली विळी घेऊन यायच्या आणि गोल करून बसायच्या. भाजीच्या ढिगाबरोबर गावभरची सुखदुःखंही तिथे निवडली जायची. गावोगाव पालं ठोकून विळे-विळ्या घडवणाऱ्या घिसाडी कुटुंबांचं एक हक्काचं गिऱ्हाईक गेलं. आणि शब्द गेले. काकडी किसणं वेगळं, चिरणं वेगळं आणि कोचवणं वेगळं. कोशिंबिरीला प्रत्येकाची चव निराळी येते, हे सांगणारी जीभ आता घराघरांतून कमी होते आहे.

म्हणून एकच विनंती. तुमच्या माळ्यावर एखादी जुनी विळी असेल तर ती भंगारात देण्याआधी खाली काढा. घरातल्या ज्या बाईने ती वापरली, तिला विचारा : पातं कुठल्या लोहाराकडून आणलं, धार कशी लावायची, फणस फोडताना हाताला तेल का लावायचं, बसताना कुठला पाय दुमडायचा? आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत वहीत उतरवून ठेवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)