हार्पर्स फेरी येथील ऐतिहासिक वास्तू

हार्पर्स फेरी हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील एक इतिहासप्रसिद्ध गाव. लोकसंख्या २८६ (२०१०). ते वॉशिंग्टन डी. सी.च्या वायव्येस सु. १०० किमी.वर, पोटोमॅक व शेनँडोआ या नद्यांच्या संगमावर वसले आहे. रॉबर्ट हार्पर यास १७६१ मध्ये येथे उतारूंना नावेने नदीपार नेण्याचा परवाना मिळाला. त्यावरून गावाचे नाव रूढ झाले. हार्परने बांधविलेले दगडी घर (१७७५–८२) ही गावातील विद्यमान वास्तूंपैकी सर्वांत जुनी होय. टेकडीवरील एका शिलेवरून टॉमस जेफर्सनने १७८३ मध्ये संगमाचे दृश्य पाहिले. ही शिला ‘जेफर्सन रॉक’ म्हणून ओळखली जाते. ती डळमळू लागल्याने १८५५–६० च्या दरम्यान तिला दगडी खांबांचा आधार देण्यात आला.

जॉर्ज वॉशिंग्टनच्या आग्रहावरून संघशासनाने येथे शस्त्रनिर्माणशाळा स्थापन केली. तिचे बांधकाम १७९९ मध्ये सुरू झाले. नद्यांच्या जलशक्तीवर चालणाऱ्या या शाळेत १८६१ पर्यंत सहा लाखांहून अधिक बंदुका व पिस्तुले तयार झाली. जॉन हॉल याने येथेच परस्परांत बदलता येणारे सुटे भाग वापरून बंदुका बनविण्याची पद्धती विकसित केली.

शस्त्रशाळेचे अग्निशामक बंब ठेवण्यासाठी १८४८ मध्ये बांधलेली विटांची लहानशी इमारत हीच पुढे गावातील सर्वांत प्रसिद्ध वास्तू ठरली. गुलामगिरीचा कडवा विरोधक जॉन ब्राउन याने १६ ऑक्टोबर १८५९ च्या रात्री मोजक्या साथीदारांसह शस्त्रशाळेचा ताबा घेतला. गुलामांना शस्त्रे पुरवून उठाव घडवून आणावा, हा त्याचा हेतू होता. मात्र या हल्ल्याचा पहिला बळी हेवर्ड शेपर्ड हा रेल्वेवरील स्वतंत्र कृष्णवर्णीय हमाल ठरला. चोहोबाजूंनी कोंडी झाल्यावर ब्राउनने बंबघराचा आश्रय घेतला. १८ ऑक्टोबरला रॉबर्ट ई. लीच्या नेतृत्वाखालील नौसैनिकांनी दार फोडून त्यास पकडले. २ डिसेंबर रोजी त्यास जवळच्या चार्ल्स टाउन येथे फाशी देण्यात आले. ही इमारत तेव्हापासून ‘जॉन ब्राउनचा किल्ला’ या नावाने ओळखली जाते.

यादवी युद्धाच्या आरंभी, १८ एप्रिल १८६१ रोजी, माघार घेणाऱ्या संघसैन्याने शस्त्रशाळा पेटवून दिली. तिच्या आवारातील बंबघर तेवढे युद्धातून वाचले. पण ते जागेवर मात्र राहिले नाही. १८९१ मध्ये ते उकलून शिकागो येथे प्रदर्शनासाठी नेण्यात आले. तेथे फारसे कोणी फिरकले नाही. १८९५ मध्ये ते परत आणून गावाजवळील एका शेतावर उभारण्यात आले. दरम्यान मूळ जागेवर रेल्वेचा भराव पडला होता.

मुक्त झालेल्या गुलामांच्या शिक्षणासाठी १८६७ मध्ये येथे स्टोरर महाविद्यालयाचा प्रारंभ झाला. शस्त्रशाळेतील अधिकाऱ्यांची जुनी निवासस्थाने त्याच्या उपयोगात आली. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस प्रभृतींच्या नायगारा चळवळीचे दुसरे अधिवेशन ऑगस्ट १९०६ मध्ये येथेच भरले. त्या वेळी प्रतिनिधी शेतावरील बंबघराकडे अनवाणी चालत गेले. महाविद्यालयाने १९०९ मध्ये ते विकत घेऊन आपल्या आवारात आणले. महाविद्यालय १९५५ मध्ये बंद पडले. पुढे राष्ट्रीय उद्यान सेवेने १९६८ मध्ये बंबघर मूळ जागेच्या निकट हलविले.

गावातील स्मारकांतही हा वाद उमटला आहे. दक्षिणेच्या बाजूचा अभिमान बाळगणाऱ्या संघटनांनी १९३१ मध्ये शेपर्डच्या नावे शिलालेख बसविला. त्यात तो गुलामांच्या कथित स्वामिनिष्ठेचा आदर्श म्हणून दाखविलेला असून ब्राउनच्या कृत्याचा निषेध अभिप्रेत आहे. त्यास उत्तर म्हणून ड्यू बॉइसने १९३२ मध्ये लिहिलेला ब्राउनच्या गौरवाचा फलक महाविद्यालयाच्या चालकांनी नाकारला. तो २००६ मध्ये बसविण्यात आला.

हार्पर्स फेरीस १९४४ मध्ये राष्ट्रीय स्मारकाचा व १९६३ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला. बंबघर अनेकदा उकलले व पुन्हा रचले गेले असल्याने त्याचे मोल बांधकामाच्या अस्सलपणात नाही. ज्यांना त्यात स्वातंत्र्याची खूण दिसली, त्यांनीच ते जपले.