शाळेची पायरी न चढलेल्या बाईंची शाळा

वाचकहो, शाळा काढणाऱ्या माणसाविषयी आपली एक ठाम समजूत असते. तो स्वतः चार वर्गांत बसलेला असेल, फळा, खडू, हजेरीपट, तासाची घंटा या गोष्टी त्याच्या अंगवळणी पडलेल्या असतील, असे आपण गृहीतच धरतो. कलकत्त्याच्या सखावत मेमोरियल गर्ल्स स्कूलच्या संस्थापिका बेगम रुकैया सखावत हुसेन यांच्या बाबतीत यांतले काहीच खरे नव्हते. शाळा म्हणजे काय हे त्यांनी आतून कधी पाहिलेच नव्हते. पाच मुलींना घेऊन त्यांनी पहिला वर्ग भरवला, तेव्हा एकच शिक्षिका एका वेळी पाच जणींना कशी काय शिकवू शकते, याचेच त्यांना नवल वाटत होते! हे मी विनोदासाठी रचून सांगत नाही. बाईंसोबत काम केलेल्या शम्सुन्नाहार महमूद यांनी त्यांचे चरित्र लिहिले आहे, त्यात ही हकीकत आली आहे.

आता त्यांचे बालपण पाहा. रुकैया यांचा जन्म १८८० साली रंगपूर जिल्ह्यातील पायराबंद या गावी एका जमीनदार घराण्यात झाला. (हा मुलूख आता बांगलादेशात आहे. बंगाली लोक त्यांचे नाव ‘रोकेया’ असे उच्चारतात.) घरात अरबी, फारसी आणि उर्दूला मान होता. मुलगे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्समध्ये शिकले. मुलींनी मात्र कुराणाचे पठण करावे, फार तर उर्दूची तोंडओळख करून घ्यावी, एवढीच अपेक्षा. बंगाली ही सामान्य रयतेची भाषा आणि इंग्रजी ही साहेबाची. या दोहोंपैकी एकाही भाषेचे पुस्तक मुलीच्या हाती दिसणे खानदानी घराला शोभत नसे.

पाचव्या वर्षापासून त्यांना पडदा पाळावा लागला, आणि तो केवळ पुरुषांपासून नव्हे, तर परक्या स्त्रियांपासूनही. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अवरोधवासिनी’ या पुस्तकात त्यांनी त्या दिवसांची एक आठवण दिली आहे. बिहारकडच्या एका नातलग बाईंनी पाठवलेल्या दोन मोलकरणी घरी मुक्कामाला आल्या. त्या घरभर मोकळ्या वावरत आणि घरची लेक रुकैया मात्र कधी दाराआड, कधी मेजाखाली दडून बसे. शेवटी भल्या पहाटे तिला उचलून तिसऱ्या मजल्यावरच्या, कोणी फारसे न फिरकणाऱ्या खोलीत नेऊन ठेवू लागले. दिवसच्या दिवस ती पोर तेथे उपाशी-अर्धपोटी काढी. तिच्याच वयाचा एक भाचा अधूनमधून वर येऊन खबर देई, तेवढाच काय तो आधार. अशा रीतीने वाढलेल्या जिवाच्या मनात परक्या माणसाची धास्ती किती खोलवर रुजली असेल, याची आपणच कल्पना करावी. याच रुकैयांना पुढे कलकत्त्यात अनोळखी घरांची दारे ठोठवायची होती.

त्यांचे नशीब एका बाबतीत मात्र मोठे. थोरले भाऊ इब्राहीम साबेर यांना बहिणीची हुशारी दिसली होती. रात्री सारे घर निजले की मेणबत्तीच्या उजेडात ते तिला इंग्रजी शिकवत. थोरली बहीण करीमुन्निसा हिने स्वतः चोरून-लपून बंगाली आत्मसात केली होती, तिने धाकटीला अक्षरे दिली. म्हणजे रुकैयांच्या साऱ्या शिक्षणाचा थाट एवढाच: एक शिकवणारा, एक शिकणारी, आणि पहाऱ्याला अंधार. म्हणूनच पाच मुलींचा वर्ग त्यांना अजब वाटला. आपल्या ‘पद्मराग’ या कादंबरीची अर्पणपत्रिका त्यांनी पुढे या भावाच्याच नावाने लिहिली.

अठराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचा निकाह भागलपूरच्या सय्यद सखावत हुसेन यांच्याशी झाला. हे गृहस्थ डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते, विलायतेत शिकून आलेले होते, विधुर होते आणि वयाने पुष्कळ मोठे. उर्दूभाषक असूनही त्यांनी पत्नीच्या बंगाली लिखाणाला कधी हरकत घेतली नाही. उलट इंग्रजीतही लिहावे म्हणून उत्तेजन दिले. एकदा ते दौऱ्यावर असताना वेळ जाईना म्हणून बाईंनी इंग्रजीत एक कथा लिहिली. तिच्यातल्या स्वप्नातील राज्यात पुरुष घरात कोंडलेले असतात, स्त्रिया कारभार पाहतात, सूर्याच्या उष्णतेवर चूल पेटते आणि माणसे आकाशयानातून ये-जा करतात. परत आल्यावर पतीने ती उभ्या-उभ्याच वाचून काढली आणि पुरुषजातीवर चांगलाच सूड उगवला आहे, असा शेरा दिला. ‘सुलतानाज ड्रीम’ या नावाने ती १९०५ साली मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात छापली गेली. आज जगभर ती वाचली जाते.

येथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. लेखणी हाती असली की या बाई कोणाला डरत नसत. स्त्रियांच्या अवनतीवर त्यांनी १९०४ साली मासिकात लिहिलेला बंगाली लेख इतका झोंबला, की पुस्तकात घेताना त्यातले काही परिच्छेद गाळावे लागले. पण कागदावर धीट असणे निराळे आणि माणसांत उतरणे निराळे. लेख आवडला नाही तर वाचक पान उलटतो. शाळा आवडली नाही तर बाप मुलीला घरी ठेवतो आणि शाळा मरते.

३ मे १९०९ रोजी सखावत हुसेन यांचा इंतकाल झाला. दोन मुली झाल्या होत्या, त्या तान्हेपणीच गेल्या होत्या. अठ्ठाविसाव्या वर्षी बाई अगदी एकट्या पडल्या. मुलींच्या शाळेसाठी म्हणून मरहूम पतीने दहा हजार रुपये बाजूला काढून ठेवले होते. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला भागलपुरात त्या पाच मुलींची शाळा सुरू झाली. वाचकांनी हिशेब करून पाहावा: इद्दतीचे चार महिने दहा दिवस सरून जेमतेम तीन आठवडे झाले होते. शाळेला पतीचे नाव दिले हे तर खरेच. पण मला वाटते, घरात बसून राहिलो तर पुन्हा कधी उठणार नाही, हेही त्यांनी ओळखले असावे.

ही पहिली शाळा टिकली नाही. सासरच्या घरगुती कलहामुळे १९१० साली त्यांना भागलपूर सोडावे लागले. येथेच सारे संपले असते तर कोणी त्यांना बोल लावला नसता. एक विधवा, ना शिक्षणाचे प्रमाणपत्र, ना अनुभव. प्रयत्न केला, जमले नाही, असे म्हणून लोकांनी हळहळ व्यक्त केली असती. पण १६ मार्च १९११ रोजी कलकत्त्यात, वलीउल्ला लेनमधील तेरा नंबरच्या घरात, शाळा पुन्हा भरली. या खेपेस मुली आठ होत्या.

त्यांची ही शाळा म्हणजे मुस्लिम मुलींची पहिलीच शाळा, असे कोणी कोणी उत्साहाने लिहितात. ते बरोबर नाही, आणि बाईंच्या मोठेपणाला त्याची गरजही नाही. बंगालमध्येच नवाब फैजुन्निसा चौधुराणी यांनी १८७३ साली कुमिल्ला येथे मुलींची शाळा काढली होती. अलीगढला शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ यांची शाळा १९०६ साली सुरू झाली. त्याच वर्षी आपल्या मुंबईच्या अतिया फैजी अध्यापनाचे शिक्षण घेण्यासाठी लंडनला गेल्या. वारे फिरू लागले होते. पण वारे फिरले म्हणून कलकत्त्याच्या गल्लीतला बाप आपली मुलगी घराबाहेर पाठवायला राजी होतो, असे थोडेच आहे?

आपल्याला काय येत नाही याची बाईंना पुरती जाणीव होती, आणि ते झाकून ठेवण्याच्या फंदात त्या पडल्या नाहीत. कलकत्त्यातील हिंदू आणि ब्राह्मो समाजाच्या मुलींच्या शाळांत त्या स्वतः जाऊ लागल्या. वर्ग कसा चालतो, कारभार कसा ठेवतात, हे सारे पाहून शिकल्या. स्वतः शाळेच्या प्रमुख असलेल्या बाईने दुसऱ्यांच्या शाळेत जाऊन नवशिक्यासारखे पाहत राहणे सोपे नसते. खुद्द आपल्या शाळेत येताना त्या बुरखा घेत. जिने पडद्याच्या अतिरेकावर आयुष्यभर कोरडे ओढले, तिने हे का करावे, असा आक्षेप अलीकडे कोणी कोणी घेतात. आक्षेप घेणाऱ्यांनी शाळा चालवून पाहिलेली नसते. बाई घरोघर जाऊन आयांना भेटत, बापांना कळवत, मुलींची ने-आण पडद्याच्या गाडीतून करू असा शब्द देत. त्या शब्दाच्या भरवशावरच मुली येत होत्या.

या गाडीची कथा बाईंनीच ‘अवरोधवासिनी’त सांगितली आहे. शाळेसाठी नवी मोटार-बस तयार करून घेतली. पडद्यात उणे राहू नये म्हणून ती चोहोबाजूंनी अशी बंद केली होती, की आत उजेड नाही, वारा नाही. पहिल्याच दिवशी मुली अंधाराला घाबरल्या. उकाड्याने कोणाला ओकाऱ्या झाल्या, कोणी बेशुद्ध पडली. मग दोन्ही बाजूंच्या झडपा उघडून तेथे पडदे लावले. तेवढ्यात ओळखीच्या एक हिंदू बाई भेटायला आल्या आणि त्यांनी थट्टेने सांगितले, की आपल्याला ती गाडी म्हणजे रस्त्यातून ओढत नेलेले मोठे कपाटच वाटले, आणि भाच्याने तर तिला चालती अंधारकोठडी असे नाव ठेवले. मागोमाग मुलींच्या आया तक्रार घेऊन आल्या: तुम्ही आमच्या पोरींना जिवंत गाडता आहात काय? बाईंनी समजावले, की गाडी उघडी ठेवली असती तर तुम्हीच बेपर्दा म्हणून नावे ठेवली असती. त्या ऐकेनात, उद्यापासून मुली येणार नाहीत, असे बजावून निघून गेल्या.

आणि त्याच दिवशी संध्याकाळच्या टपालाने चार पत्रे आली! एक इंग्रजीत, तीन उर्दूत. दोन निनावी, एकावर पाच सह्या. चारही पत्रांचा मजकूर एकच. गाडीचे पडदे वाऱ्याने हलतात, त्यामुळे पडदा राहत नाही. लगेच बंदोबस्त झाला नाही तर वर्तमानपत्रांतून शाळेची बदनामी करू.

वाचकहो, या बाईंच्या जागी आपण क्षणभर उभे राहून पाहू. गाडी बंद केली तर आया मुलींना काढून घेणार, उघडी ठेवली तर पत्रकर्ते शाळा बुडवणार. कोणाला तरी खूश करण्याचा मार्गच उरला नव्हता. मला यात एक गोष्ट विशेष वाटते. आया काही शिक्षणाच्या वैरी नव्हत्या. पोरी गुदमरताहेत म्हणून त्यांचा जीव तुटत होता. पत्र लिहिणाऱ्यांतही एखादा साधा भित्रा माणूस असेल, शेजारीपाजारी काय म्हणतील या धाकाने लिहिणारा. भीती काही एकट्या बाईंच्याच वाट्याला नव्हती. ती घरोघर होती, आणि प्रत्येक घरची भीती निराळी होती. बाईंनी हा प्रसंग पुढे हसत-हसत लिहून ठेवला. त्या दिवशी मात्र त्या हसल्या नसतील. शाळा चालूच राहिली.

१९१६ साली त्यांनी ‘अंजुमन-ए-खवातीन-ए-इस्लाम’ ही स्त्रियांची संस्था उभारली, तिचाही असाच एक किस्सा आहे. एका शिकलेल्या कुटुंबातल्या बाईंना फार आर्जव करून सभेला आणले. सभा झाली, सगळ्या निघाल्या, तेव्हा या बाई विचारतात, सभा-सभा म्हणून आणलेत, पण सभा आहे कुठे? ऐकून हसू येते. पण पाच मुलींना एकत्र कसे शिकवतात असा प्रश्न जिला एके काळी पडला होता, तिला हा प्रश्न नक्कीच परका वाटला नसेल.

पुढची अडचण शिक्षिकांची. शिकलेल्या मुस्लिम स्त्रिया बंगालमध्ये मिळेनात, तेव्हा मद्रास, गया, आग्रा अशा दूरच्या ठिकाणांहून त्या आणवल्या. शिक्षिका इथेच तयार व्हाव्यात म्हणून बाईंनी सरकारकडे लकडा लावला आणि १९१९ साली कलकत्त्यात मुस्लिम स्त्रियांसाठी अध्यापन प्रशिक्षणाची शाळा निघाली. अभ्यासक्रमात कुराणाचे पठण होते, भाषा होत्या, त्याबरोबर शिवण, स्वयंपाक, रुग्णशुश्रूषा आणि व्यायामही होता. मुलींच्या व्यायामावरून कुजबूज झाली असेलच, असो. १९३० पर्यंत आठ मुलींच्या त्या वर्गाचे पुरते हायस्कूल झाले होते.

९ डिसेंबर १९३२ रोजी पहाटे बेगम रुकैया यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिनही ९ डिसेंबर हाच मानला जातो. कलकत्त्याजवळ सोदपूर येथे त्यांना दफन करण्यात आले. शाळा पुढे सरकारने चालवायला घेतली, आणि लॉर्ड सिन्हा रोडवर ती त्याच नावाने आजही भरते. त्या पहाटे घरच्यांनी खोलीत पाहिले, तेव्हा मेजावर एक बंगाली लेख अर्धवट लिहिलेला पडला होता. त्याचे नाव होते ‘नारीर अधिकार’, स्त्रीचे हक्क.